काल्याचे हात

गुढीपाडवा दोन-तीन दिवसांवर आला की आमच्या पैठण रस्त्यावर कावडी दिसू लागतात. पैठणला गोदावरीत बुडवून भरलेल्या घागरी, तोंडाला फडकं, त्यावर आंब्याचा टाळा, आणि बांबूच्या दोन टोकांना त्यांचा झोका. घोटण, शेवगाव करत ही मंडळी मढीला निघालेली असतात. पाडव्याला कानिफनाथांच्या समाधीला या पाण्याचं स्नान. वाटेत एकाचा खांदा दुखला की दुसरा पुढं होतो, पण कावड भुईला टेकू देत नाहीत. लहानपणी मी एका कावडवाल्याला विचारलं होतं, टेकली तर काय होतं? तो म्हणाला, "पाणी बाद. माघारी जायचं पैठणला." तीसेक किलोमीटर माघारी! त्या उत्तरानं मला जी धास्ती वाटली ती अजून आठवते.

त्याच गोदावरीचं पाणी आमच्या नळालाही येतं. जायकवाडीच्या नाथसागरातून उपसलेलं, शुद्ध केलेलं, टाकीत चढवलेलं आणि मग गल्लोगल्ली सोडलेलं. नदी तीच. फक्त एका पाण्याला भुई लागू देत नाहीत, आणि दुसरं आमच्या गल्लीत शेवटचे चाळीस फूट गटारात बुडालेल्या पाइपातून यायचं. हे मी कुणाला बोल लावायला लिहीत नाही. तो पाइप गटारातून नेताना प्लंबरशेजारी मीच उभा होतो. सिमेंटचा रस्ता फोडायचे पैसे वाचले म्हणून खूशही होतो. आणि मी कोण, तर आरोग्य सेवक. ३१ वर्षं लोकांना पाण्याबद्दल शिकवून निवृत्त झालेला माणूस.

तालुक्यात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. 'पावडरवाले भाऊ' म्हटलं की ओळखतात. पावडर म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. साध्या दिवसांत हजार लिटरला अडीच ग्रॅम, साथ असली की दुप्पट. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि अर्धा-एक तास कुणाला पोहरा टाकू द्यायचा नाही. हा शेवटचा भाग सगळ्यांत अवघड. एका विहिरीवर एक म्हातारी माझ्याकडं बघत उभी होती. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि त्या विहिरीला नाथसागराच्या फुगवट्याचा पाझर होता. म्हातारी म्हणाली, "बाबा, ही गंगामाय. सगळ्या जगाची पापं धुती. हिला तू काय धुतो?"

मी तेव्हा पंचविशीत होतो. हसलो आणि पावडर सोडून निघून आलो. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता हे मला पुढं कळलं. तीर्थ बाटतं का? आणि बाटत असेल तर ते तीर्थ कसलं?

म्हातारीच्या बाजूनं एक पुरावाही आहे, तो आधी सांगतो. १८९६ साली आग्र्याला अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या इंग्रज जीवाणूशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढं कळलं की जंतूंनाही खाणारे विषाणू असतात. १९१७ मध्ये त्यांना बॅक्टेरिओफेज हे नाव मिळालं. म्हणजे नदी स्वतःला धुते, यात तथ्य आहे. पण नदी धुते तिच्या वेळेनं आणि तिच्या ताकदीनं. नाशिकपासून कोपरगावपर्यंत किती गावांचं सांडपाणी तिच्यात येतं, प्रवरा आणि मुळा आपापल्या काठाचं काय काय घेऊन येतात, आणि हे सगळं नाथसागरात येऊन थांबतं, हे नदीला कुणी विचारून केलेलं नाही. शिवाय धरणातलं पाणी पुढं शुद्धीकरणातून जातंच. घाण शिरते ती त्यानंतर, घराच्या दाराशी.

ती कशी शिरते हे जवळून बघायचं असेल तर आमच्या गल्लीत पाणी यायच्या रात्री या. पाणी आठ-दहा दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप तहानलेला असतो. जिथं फट असेल तिथून बाहेरचं ओढून घेतो. नळ आधी फुसफुसतो, मग खाकरतो, मग तांबूस गढूळ पाणी थुंकतो आणि त्यानंतर धार लागते. धार लागली की बारा घरांच्या बारा मोटरी सुरू होतात. मोटर थेट नळाला लावली की पाइपात जी ओढ निर्माण होते तिला नाथसागर काय आणि गटार काय, सारखंच. माझ्याकडं अजून क्लोरीन तपासायची ओटीची बाटली आहे. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी फिकट हळदीचं होतं. टाकीपाशी पिवळं होतं. गल्लीच्या तोंडाला पहिल्या घरात डोळे बारीक करून पाहिलं तर पिवळं वाटतं. माझ्या घरात, म्हणजे शेवटून दुसऱ्या, कोरं पांढरं.

आणि मग ते पाणी दहा दिवस पुरवायचं असतं. ड्रम, टाकी, हंडे, कळश्या. ड्रमात तांब्या बुडतो, तांब्याबरोबर बोटं बुडतात. पहिल्या दिवशी चांगलं असलेलं पाणीसुद्धा सातव्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या हाताचं झालेलं असतं. दांड्याचं ओगराळं वापरा म्हणून मी घरोघर सांगत फिरलो. लोकांनी ओगराळी घेतली, आणि वापरून ती ड्रमाच्या झाकणावर उताणी ठेवली. झाकणावर मांजर बसतं.

हे सगळं खात्याच्या भाषेत 'जोखमीचे घटक' म्हणून आम्ही तक्त्यात लिहायचो. वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, गावाच्या पाण्याच्या जागांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड द्यायचं, लाल, पिवळं किंवा हिरवं. गळकी पाइपलाइन, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, विहिरीजवळ उकिरडा, पावडरीचा साठा संपलेला, असं सगळं बघून रंग ठरायचा. मला त्या तक्त्याची चीड नव्हती, आजही नाही. पण त्यात एक रकाना नव्हता. माणसं ज्या गोष्टीला नशीब म्हणतात तिचा.

आता जे लिहिणार आहे ते मी याआधी कुठंही लिहिलेलं नाही, अहवालातही नाही.

तालुक्यातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. गावाचं नाव सांगत नाही, माणसं भली होती. चैत्राचे दिवस, विहिरीला तळ, म्हणून टँकरचं पाणी काळ्या टाक्यांत भरून घेतलेलं. पावडर माझ्याकडं. सहाव्या दिवशी पंगतीतले चारजण म्हणाले, आमटीला वास मारतो. सप्ताहाचे पुढारी माझ्याजवळ आले आणि गोड बोलले, "भाऊ, उद्या काल्याचं कीर्तन. अठरा गावचे लोक. प्रसादाला औषधाचा वास बरा दिसत नाही. थोडी कमी टाका." मी टाकली कमी. निम्मी. मला माहीत होतं की उन्हात ठेवलेल्या पोत्यातली पावडर आधीच निम्मी मेलेली असते. म्हणजे पडली ती चतकोर.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साठ-पासष्ट माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी. शाळेच्या वर्गात बाकं जोडून सलाइनी लावल्या. खिडकीच्या गजांना बाटल्या टांगल्या. कुणी दगावलं नाही. ते साखर-मिठाच्या पाण्यानं, सलाइनीनं आणि वेळेवर आलेल्या डॉक्टरांमुळं. एका लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्या दिवशी मी इतक्या वेळा म्हटलं की नंतर झोपेतही म्हणत होतो असं बायको सांगते. पाण्याचा नमुना तपासून आला : पिण्यास अयोग्य. मी अहवालात टँकर लिहिला, उघड्या टाक्या लिहिल्या, हात धुण्याची सोय नसणं लिहिलं. निम्म्या पावडरीचं लिहिलं नाही.

संध्याकाळी कीर्तनकार महाराज शाळेत आले, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "प्रारब्धाचा भोग आहे, बाबांनो. भोगून संपतो." माणूस मनापासून बोलत होता. आजारी माणसांना त्या शब्दांनी बरं वाटलं, हेही मी पाहिलं. पण त्या खोलीत तो शब्द सगळ्यांत जास्त कुणाला सोयीचा वाटला असेल तर मला. साठ माणसांचं प्रारब्ध माझ्या खिशातल्या चमच्यात होतं आणि एक साधुपुरुष त्याची पावती त्यांच्याच मागच्या जन्मांवर फाडत होता.

असं काही एकट्या आमच्याच तालुक्यात घडतं असंही नाही. २० फेब्रुवारी २०२४ ला बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातच एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना म्हणून रस्त्याकडेला झाडांना दोऱ्या बांधून त्यावर सलाइन टांगलेलं टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारीला पटकी आली, माणसं गेली. वीजबिल थकलं, वीज तुटली, नळ बंद पडला आणि लोक उघड्या विहिरीकडं वळले. थकलेल्या बिलाला प्रारब्ध म्हणायचं?

आपल्याकडं कर्माचे तीन भाग सांगतात : संचित, प्रारब्ध, क्रियमाण. साठवलेलं, भोगायला आलेलं, आणि आत्ता चाललेलं. मला ही विभागणी आवडते. पण ती आपण एकेका जिवापुरती वापरतो. माझं संचित माझं, तुझं तुझं. पोटाच्या साथीत हा हिशेब मोडतो. गटारातून पाइप मी नेला, ताप शेजारच्या सुनेच्या लेकराला आला. पेरलं एकानं आणि उगवलं दुसऱ्याच्या अंगात, हा कुठला न्याय? कर्मसिद्धान्त खोटा आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही आणि अभ्यासही नाही. पण त्याला गावाचं संचित असं खातं उघडावं लागेल असं मला वाटतं. त्यात गळका व्हॉल्व्ह येईल, उघड्यावर बसणं येईल, विहिरीपासून पंधरा फुटांवर खोदलेला शोषखड्डा येईल आणि माझा चमचाही येईल. आणि मग त्या खात्यातली जी बाकी दुरुस्त करता येते, ती न करता भोग म्हणणं म्हणजे देवाच्या नावावर उधारी चढवणं. एकदा आलेला आजार एखादवेळी नशिबावर घालता येईल. त्याच गल्लीत, त्याच पावसाळ्यात, चौथ्या वर्षी आला तर नाही घालता येत.

आमच्या आज्याच्या वेळी पटकीला मरीआई म्हणायचे. गावात वांती-हगवण सुरू झाली की मरीआईचा गाडा निघायचा. लिंबाचा पाला, नारळ, हळदी-कुंकू, पुढं पोतराज कोरडा ओढत, आणि गाडा वाजत-गाजत गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. आपली पीडा गेली. कुठं गेली? पलीकडच्या गावच्या शिवेत. ते गाव उठून तोच गाडा पुढच्या शिवेवर नेणार. आजा हे सांगताना हसायचा, पण त्यानं स्वतः गाड्याला खांदा दिला होता. मला या विधीत अडाणीपणा दिसत नाही. घाबरलेल्या माणसांनी मिळून काहीतरी केलं, एवढं तरी केलं. खटकते ती फक्त दिशा. आमची गटारंही तसंच करतात. नाशिकचं कोपरगावला, कोपरगावचं नाथसागराला, आमचं पुढच्या ओढ्याला. गाडा अजून चालूच आहे, फक्त पोतराज नाही.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो. बेफिकिरीचा दोष सरळ असतो. माझ्या घरात जे झालं त्यात कुणाची बेफिकिरी नव्हती.

निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी पुतणीला मुदतीचा ताप आला. टायफॉइड म्हणतो आपण, जुन्या माणसांचा मुदतीचा ताप किंवा विषमज्वर. आमच्याकडं कुणालाही ताप आला की रक्तात टायफॉइड निघतोच, त्यामुळं मी पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. पण कल्चर केलं, खरा निघाला. पुढच्या वर्षी माझा मुलगा. त्याच्या पुढच्या वर्षी परत पुतणी. मी पाइप गटारातून काढून वरून घेतला, ड्रमाला तोटी बसवली, पाणी उकळून घ्यायला लागलो. तरी तिसरा ताप आलाच. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला जो मला, पावडरवाल्याला, तीन वर्षं सुचला नव्हता : "घरात स्वयंपाक कोण करतं?"

आई करते. ऐंशीला टेकलेली, गळ्यात तुळशीची माळ, पन्नास वर्षांत एकादशी चुकवली नाही, अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावला नाही. तिला ताप आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पित्ताचे खडे मात्र होते. तिची शौचतपासणी केली, एकदा नाही निघालं, दुसऱ्यांदा निघालं. टायफॉइड होऊन गेलेल्या शंभरातल्या दोन ते पाच माणसांच्या पित्ताशयात जंतू घर करून राहतात. बायकांत जास्त, खडे असले की आणखी जास्त. माणूस ठणठणीत असतो आणि अधूनमधून जंतू बाहेर पडत राहतात, वर्षानुवर्षं. ताप कधी येऊन गेला, हे त्याला माहीतही नसतं. शिवाय आज पोटात गेलेला जंतू ताप होऊन वर यायला एक ते तीन आठवडे घेतो. इतक्या उशिरा आलेल्या फळाचं बी कोण शोधणार?

मी आईला हे सोप्या भाषेत सांगितलं. ती बराच वेळ परातीतलं पीठ मळत राहिली. मग हात थांबले. म्हणाली, "म्हंजी इतके दिस मी लेकरांच्या ताटात इख वाढलं का रे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर त्याहून खोटं. पाप कशाला म्हणायचं? मनात आणून केलेल्याला, की झालेल्याला? माझ्या मनात निम्मी पावडर टाकताना कुणाचं वाईट नव्हतं, पण मला माहीत होतं. आईला माहीतही नव्हतं. त्रास मात्र दोन्हीकडून सारखाच झाला. जंतू हेतू विचारत नाही.

मी तिला मेरी मॅलनची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमधली आयरिश स्वयंपाकीण, हाताला चव असलेली. ती राहिली त्या एकामागून एक घरांत टायफॉइड निघाला. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावरच्या दवाखान्यात ठेवलं. स्वतः धडधाकट असल्यामुळं ती शेवटपर्यंत हे मानायला तयार नव्हती. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर १९१० मध्ये सोडलं, पण धुण्याच्या कामात पैसे कमी मिळायचे. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाक करू लागली, १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात सापडली आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत त्या बेटावरच राहिली. माझ्या मनात ही गोष्ट म्हणजे अडाणी हट्टाचं उदाहरण होतं. आई ऐकून म्हणाली, "तिला कुणी जवळ बसून सांगितलं नसंल."

त्यानंतर आई स्वयंपाकघरात जाईना. महिनाभराच्या गोळ्या चालू झाल्या, तरी ती ओसरीत वेगळी बसू लागली. पाण्याचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. सून पाणी द्यायला आली की म्हणायची, लांबूनच ठेव. मला ते बघवेना. कारण ती जे पाळत होती ते आरोग्य नव्हतं, विटाळ होता. आपल्या हाडात मुरलेली हीच एक भाषा होती आणि तिनं स्वतःवर तीच चालवली.

विटाळ आणि जंतू यांत फरक काय, हे मला तेव्हा नीट मांडावं लागलं, तिच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही. विटाळ माणसाला चिकटतो. जातीनं, मरणानं, महिन्याच्या चार दिवसांनी. तो डोळ्यांना दिसत नाही, साबणानं जात नाही. जंतू हाताला चिकटतो आणि साबणानं जातो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं प्यायली. ते तळं 'शुद्ध' करायला तिथल्या लोकांनी काय ओतलं? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून पाणी पवित्र झालं! माणसाला घाण मानून जे शेण ओततात, त्यांना घाण म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. आम्ही सोवळ्यात शिजवतो आणि पाण्याचा पाइप गटारातून नेतो, ते त्याच शाळेतून शिकून.

वारकऱ्यांनी याला काल्यानं उत्तर दिलं. सप्ताहाच्या शेवटी हंडी फुटते, दही-लाह्या एकत्र कालवल्या जातात आणि एकमेकांच्या हातून एकमेकांच्या तोंडी जातात. कुणाचा हात कुणाला बाटवत नाही, हे सांगायचा याहून रोकडा मार्ग मला माहीत नाही. आणि अडचण अशी, की जंतूलाही नेमका हाच मार्ग आवडतो. काल्यात जातपात नाही, हगवणीतही नाही. आमच्या खात्यातले एक साहेब एकदा म्हणाले होते, हे काले-बिले बंदच केले पाहिजेत. मी तेव्हा मान डोलावली. आज डोलावणार नाही. काला बंद केला की उरतं ते आईचं ओसरीतलं वेगळं ताट.

पैठणला संत एकनाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्या होऊन देवानं बारा वर्षं ज्यात पाणी भरलं तो, असं सांगतात. तुकाराम बीजेपासून लोक गोदेची घागर आणून त्यात ओततात. नाथषष्ठीच्या सुमाराला ज्याच्या घागरीनं रांजण भरून वाहतो, त्याच्या रूपानं देव आला असं मानतात. मी त्यात दोनदा घागर ओतली आहे. या कथेत देवानं काय केलं, तर दुसऱ्याच्या घरी पाणी भरलं. बारा वर्षं. पाणक्याचं काम. ज्या धर्मात देव पाणक्या होतो, त्या धर्माच्या माणसाला पाण्याची टाकी धुणं, पावडर टाकणं, व्हॉल्व्हचा खड्डा उपसणं हे हलकं काम का वाटावं? गावोगावचा जलसुरक्षक मी पाहिला आहे. तुटपुंज्या मानधनावर टाकीची शिडी चढणारा माणूस. काल्याच्या दिवशी हारतुरे सगळ्यांना मिळतात. त्याला कुणी मंचावर बोलावल्याचं माझ्या ३१ वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

हे मी एका ओळखीच्या कीर्तनकारांना बोलून दाखवलं. निम्म्या पावडरीचंही सांगितलं. ते गप्प झाले. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "भाऊ, पश्चात्ताप पांडुरंगाला सांगून भागणार नाही. त्या आजारी पडलेल्यांचे देणेकरी आहात तुम्ही, पांडुरंगाचे नाही." त्यांचं बरोबर होतं. त्या गावात मी अजून गेलेलो नाही. जायचं आहे.

आईच्या गोळ्या संपल्या, नंतर पित्ताशयही काढलं, आणि लागोपाठच्या तपासण्यांत जंतू निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, आजी, करा स्वयंपाक, फक्त हात असे धुवा. आणि स्वतः नळाखाली धुवून दाखवले. बोटांच्या मधून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत. मेरीला हे असं कुणी दाखवलं होतं की नाही कोण जाणे. त्यानंतर घरात टायफॉइड आलेला नाही. आईनं साबणाची वडी देव्हाऱ्याच्या फळीवर, हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आहे. मी काही बोललो नाही.

गेल्या सप्ताहात तिनं पोळ्या लाटायला नकार दिला. भीतीनं नाही. म्हणाली, लाटायला पुष्कळ जणी आहेत. ती हात धुवायच्या टाकीपाशी खुर्ची टाकून बसली. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत साबणाची वडी घालून तोटीला बांधली, म्हणजे पडत नाही, हरवत नाही आणि कुणी घरीही नेत नाही. हंडी फुटायच्या आधी जो जो आला त्याला तिनं थांबवलं, महाराजांनासुद्धा. बाकी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. "हात दाव," एवढंच. काला झाला. दुसऱ्या दिवशी कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही. टाकीचं पाणी मी सकाळ-संध्याकाळ बाटलीत घेऊन बघत होतो आणि ते हळदीसारखं पिवळं होत होतं. दोघाचौघांनी वासाची तक्रार केली. मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं, की वास असू द्या.

तुमच्या घरात दोन-तीन वर्षांत दुसऱ्यांदा टायफॉइड आला असेल तर पाणी तपासाच, पण स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या सगळ्यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि कुणाच्या तपासणीत जंतू निघाला तर ते जवळ बसून सांगा. आमच्या सप्ताहासाठी साबणाच्या वड्या आणून ठेवल्यात, जाळीच्या पिशव्या मात्र कमी पडतात. कांदा संपला की पिशवी फेकू नका, आमच्याकडं पाठवून द्या.